स्पर्शातील अहिंसा : मांजराची देहभाषा आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त उमरखेड येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



एखाद्या धार्मिक संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करावी आणि त्या मंगल प्रसंगी जीवदयेचे स्मरण होऊ नये, असे जैन समाजात घडणे शक्य नाही. कबुतरांना दाणे, गाईंना चारा, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी, पर्युषणात अभयदानासाठी निधी, हे सारे समाजाच्या अंगवळणी पडलेले आहे. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या पाठीमागे १८३२ साली तेथे भटक्या कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध उसळलेला क्षोभ होता. तेव्हापासून गावोगावच्या पांजरपोळांनी मुक्या प्राण्यांना निवारा आणि अन्न दिले. आजचा विषय याच परंपरेतला आहे. मात्र तो अन्नाचा नाही, निवाऱ्याचाही नाही. तो स्पर्शाचा आहे. अंगणात येणाऱ्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना ते मांजर आपल्या शरीराने काय सांगत असते, आणि ते वाचता येणे हा अहिंसाव्रताचाच एक भाग कसा ठरतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विषय ऐकून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर स्मित उमटले असेल. मांजर ते काय आणि त्याची भाषा ती काय! परंतु एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. उमरखेडच्या कोणत्याही गल्लीत तो घडू शकतो.

दुपारची वेळ आहे. ओट्यावर सावलीत मांजर पहुडले आहे. घरातील सहा-सात वर्षांचे मूल त्याच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवू लागते. मांजर प्रथम डोळे मिटून घेते. मुलाला आनंद होतो, त्याचा हात अधिक वेगाने फिरू लागतो, मानेपासून शेपटीपर्यंत, पुन्हा मानेपासून शेपटीपर्यंत. थोड्या वेळाने शेपटीचे टोक हलू लागते. पाठीवरची कातडी थरथरते. एक कान किंचित मागे वळतो. मुलाचे तिकडे लक्ष नसते, आणि शेजारी बसलेल्या मोठ्यांचेही नसते. आता मूल मांजराच्या पोटाला हात घालते आणि क्षणार्धात हातावर रक्ताची रेघ उमटते. मूल रडू लागते. घरात निर्णय होतो : "मांजराची जातच बेइमान! इतके लाडाने कुरवाळले, तरी उलटले." संध्याकाळी त्या मांजराला गोणीत घालून पैनगंगेच्या पलीकडे सोडून देण्यात येते. मारले तर नाही ना, सोडूनच दिले, या समाधानात घर झोपी जाते.

या प्रसंगात दोष कोणाचा? मुलाचा नाही, त्याच्या मनात प्रेमच होते. मांजराचाही नाही, त्याने एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते. दोष आहे तो न वाचल्या गेलेल्या भाषेचा. आणि या अडाणीपणाची किंमत दोघांनी मोजली : एकाने रक्ताच्या थेंबांनी, दुसऱ्याने आपल्या साऱ्या परिचित जगाने.

शास्त्राची दृष्टी

सामायिकापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या इरियावही सूत्राचा अर्थ या ठिकाणी आठवावा. जाता-येता जीवांना झालेल्या पीडेबद्दल त्यात क्षमा मागितली आहे आणि त्या पीडेचे दहा प्रकार सांगितले आहेत. जीव घेणे हा त्यांतील शेवटचा प्रकार आहे. त्याच्या आधी नऊ प्रकार येतात. लाथाडणे, धुळीने झाकणे, एकमेकांवर लोटणे हे तर त्यांत आहेतच. पण त्रास होईल असा स्पर्श करणे, थकविणे, भयभीत करणे आणि एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी नेऊन टाकणे, हेही आहेत. रोज मुखोद्गत म्हटल्या जाणाऱ्या या सूत्राकडे ओट्यावरील प्रसंगाच्या संदर्भात पाहिले, म्हणजे मन चपापते. त्रासदायक स्पर्श झाला, भय उत्पन्न झाले आणि शेवटी गोणीतून स्थानांतरही झाले. "मारले तर नाही ना" हे समाधान श्रावकाला पुरेसे नाही, हे सूत्रकारांनी किती बारकाईने सांगून ठेवले आहे!

जैन तत्त्वज्ञानात जीवांचे वर्गीकरण इंद्रियांवरून केलेले आहे. त्यांत स्पर्शनेंद्रिय हे पहिले. पृथ्वी, पाणी, वनस्पती यांच्यासारख्या एकेंद्रिय जीवांनाही ते आहे. मांजर हे पंचेंद्रिय, संज्ञी, म्हणजे मन असलेले तिर्यंच. दहाही प्राण त्याच्या ठिकाणी आहेत. आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चारही संज्ञा त्याला आहेत. ज्या जीवाला भय आहे आणि मनही आहे, तो जीव ते भय कोणत्या ना कोणत्या रीतीने व्यक्त करणारच. प्रश्न इतकाच की पाहणाऱ्याला ते दिसते की नाही.

भगवान नेमिनाथांचे चरित्र प्रत्येक श्रावकाला ठाऊक आहे. विवाहाच्या वरातीतून जाताना त्यांना कोंडलेल्या पशूंचा आकांत ऐकू आला आणि त्यांनी रथ माघारी फिरविला. त्या वरातीत इतरही शेकडो माणसे होती. तो आवाज त्यांच्याही कानांवर पडला असेल, पण त्यांना तो वरातीच्या गोंगाटाचाच भाग वाटला. भगवंतांनी त्यातले भय ओळखले. मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथाही तशीच आहे. वणव्यात सापडलेल्या हत्तीने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला आणि त्या मोकळ्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवण्यापूर्वी हत्तीने पाहिले, आणि अडीच दिवस तो पाय तसाच उचललेला ठेवला. या कथेत करुणा तर आहेच, परंतु करुणेच्याही आधी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाहणे. हत्तीने पाहिलेच नसते, तर त्याची करुणा सशाच्या काय उपयोगाची होती?

मांजराचा स्वभाव असा का?

मांजराचा पूर्वज हा आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर होय. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजराचा सांगाडा आढळला. २००४ साली या शोधाची माहिती प्रसिद्ध झाली. माणसाने शेती सुरू केली, धान्य साठविले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. उमरखेडच्या हळद, कापूस आणि धान्याच्या गोदामांत आजही तेच चालू आहे. म्हणजे मांजराला माणसाने पकडून आणले असे म्हणण्यापेक्षा, मांजर आपण होऊन माणसाच्या दाराशी आले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कुत्र्याचे पूर्वज कळपाने शिकार करीत. कळपात राहणाऱ्या प्राण्याला आपले मन इतरांना स्पष्ट दाखवावे लागते. रानमांजर एकटे शिकार करी. शिवाय आकाराने लहान असल्यामुळे मोठ्या प्राण्यांकडून ते स्वतःही मारले जाण्याची भीती असे. अशा प्राण्याने दुःख वा भीती उघडपणे दाखविणे धोक्याचे. म्हणून मांजराचे संकेत बारीक असतात. ते अगदी अबोल मात्र नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे दोन महिला संशोधकांनी मांजरांच्या परस्परव्यवहाराचे चित्रण करून २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात मांजराच्या चेहऱ्यावरील २७६ वेगवेगळे हावभाव नोंदविले गेले. ज्याला लोक निर्विकार तोंडाचा प्राणी समजतात, त्याच्याकडे भावांची इतकी मोठी संपदा आहे.

देहभाषेची बाराखडी

आता या भाषेची अक्षरे क्रमाने पाहू या.

शेपटी : उभी उंच धरलेली आणि टोकाशी किंचित वळलेली शेपटी हा मैत्रीचा नमस्कार आहे. अशी शेपटी घेऊन मांजर जवळ येत असेल, तर ते भेटीस उत्सुक आहे असे समजावे. पण कुत्रा शेपटी हलवितो तेव्हा तो आनंदलेला असतो, म्हणून मांजरही तसेच असेल, असे मानणे ही फार मोठी चूक आहे. बसलेल्या मांजराची शेपटी चाबकासारखी या बाजूची त्या बाजूला आपटू लागली, तर त्याचा अर्थ "आता पुरे" असा आहे. शेपटीचे केस पिंजारले असतील, तर ते घाबरलेले आहे. शेपटी अंगाशी घट्ट गुंडाळली असेल, तर त्याला एकटे राहावयाचे असण्याचा संभव अधिक.

कान : पुढे वळलेले, सैल कान हे स्वस्थतेचे लक्षण. कान बाजूला वळून आडवे होऊ लागले, तर मन साशंक झाले आहे. कान मागे जाऊन डोक्याला चिकटले, तर ती शेवटची सूचना समजावी.

डोळे : अर्धवट मिटलेले, हळूहळू उघडझाप करणारे डोळे निर्धास्तपणा दाखवितात. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले, तर मांजरही आपले डोळे बारीक करून उत्तर देते, आणि अनोळखी माणसाने तसे केल्यानंतर त्याने पुढे केलेल्या हाताकडे ते अधिक विश्वासाने येते. मराठीत म्हण आहे की मांजर डोळे मिटून दूध पिते. लोकांनी त्यात लबाडी पाहिली. वस्तुतः मिटलेला डोळा हा मांजराने टाकलेला विश्वास आहे. याच्या उलट, डोळ्यांतील बाहुल्या एकाएकी मोठ्या झाल्या, तर भय किंवा उत्तेजना असू शकते. मात्र अंधारातही बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून आधी उजेड पाहावा आणि मग अर्थ लावावा.

पाठ आणि कातडी : कुरवाळताना पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरू लागली, अंग ताठ झाले किंवा मांजर हाताखालून खाली वाकून निसटू लागले, तर तो नकार आहे. भीतीने पाठीची कमान होते आणि अंगावरचे केस उभे राहतात, हे तर सर्वांना ठाऊकच आहे.

डोके व तोंड : हातावर गाल किंवा कपाळ घासणे हा स्वीकार होय. मांजराच्या गालांत, हनुवटीत आणि कपाळावर गंधग्रंथी असतात. तेथील गंध ते आपल्या परिचयाच्या वस्तूंना आणि माणसांना लावते. याउलट हाताकडे वारंवार झटकन मान वळविणे, एकाएकी डोके झटकणे, नाक चाटणे किंवा अचानक स्वतःचे अंग चाटू लागणे, ही अस्वस्थतेची चिन्हे असू शकतात. विशेष काळजी घ्यावी ती मांजर अगदी निश्चल झाल्यावर. मूल म्हणते, "बघा, कसे शहाण्यासारखे बसले आहे!" पण घुरघुर थांबली आहे, अंग सैल नाही, श्वास रोखल्यासारखा आहे, तर ते शहाणपण नव्हे, ते भय आहे.

घुरघुर : ती बहुधा समाधानाची असते; परंतु आजारी, जखमी आणि वेदनेतील मांजरेही घुरघुरतात. म्हणून एकट्या घुरघुरीवर विसंबू नये. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात २०१९ साली मांजराची वेदना चेहऱ्यावरून ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. कानांची स्थिती, डोळ्यांचे आवळणे, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशांची ठेवण आणि डोक्याची उंची, या पाच गोष्टींवरून ती मोजली जाते. नेहमी कुरवाळून घेणारे मांजर एखाद्या दिवशी हात लावताच फिस्कारले, तर "आज याला काय झाले?" असे रागाने विचारू नये, तोच प्रश्न काळजीने विचारावा. कदाचित त्याला खरोखरच काही झाले असेल.

पोट : या एका अक्षराने सर्वांत अधिक गोंधळ होतो. मांजर पाठीवर लोळून पोट दाखविते, तेव्हा माणसाला ते आमंत्रण वाटते. पोट हा शरीराचा सर्वांत नाजूक भाग. तो उघडा टाकणे म्हणजे "तू मला इजा करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे" असे सांगणे होय. त्यावर लगेच हात घालणे म्हणजे विश्वासाने सोपविलेल्या तिजोरीत हात घालण्यासारखे आहे. व्यापारी समाजाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हात कोठे आणि किती?

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या २०१५ सालच्या अभ्यासात मांजराच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांना स्पर्श करून त्याची प्रतिक्रिया पाहण्यात आली. शेपटीच्या मुळाशी केलेला स्पर्श सर्वांत अप्रिय ठरला. गाल, हनुवटीखालची जागा आणि कानांच्या मुळाजवळचा भाग हे सामान्यतः मानवणारे स्पर्शस्थान होत. पोट, पाय आणि शेपटी वर्ज्य समजावी. प्रत्येक मांजराचा स्वभाव निराळा असतो, हेही ध्यानी असावे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाच्या प्रेमळ हाताचा परिचय झाला, तर ते पुढे माणसाळते. तो काळ निघून गेला, तर पुढे कितीही माया केली तरी काही मांजरे स्पर्श सहन करू शकत नाहीत. अशा मांजराला दुरूनच पाहावे. दुरून दिलेली दयाही दयाच असते.

२०२१ साली लंडनच्या बॅटरसी येथील प्राणी-आश्रयगृहात लॉरेन फिंका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना मांजराशी वागण्याचे थोडेसे मार्गदर्शन दिले आणि त्यापूर्वीचे व नंतरचे मांजरांचे वर्तन ताडून पाहिले. मार्गदर्शनानंतर मांजरांची अस्वस्थता आणि आक्रमकता कमी झाली, मैत्रीचे वर्तन वाढले. मार्गदर्शन तीनच सूत्रांचे होते : निवड मांजराला करू द्यावी, लक्ष द्यावे, आणि स्पर्श चेहऱ्याच्या मोजक्या भागांपुरता ठेवावा. मांजरे बदलली नव्हती. बदलले होते ते माणसांचे हात.

या सूत्रांना श्रावकाच्या भाषेत सांगायचे तर पहिले सूत्र अभयदानाचे आहे. हात पुढे करावा, पण मांजराला लागू देऊ नये. वीतभर अंतरावर तो स्थिर ठेवावा. मांजर स्वतः आले, वास घेतला, गाल घासला, तर परवानगी मिळाली. नाही आले, तर हात मागे घ्यावा. त्याची जाण्याची वाट कधीही अडवू नये. त्याला कोपऱ्यात गाठून, उचलून, छातीशी आवळून धरू नये. स्वित्झर्लंडमधील डेनिस टर्नर यांच्या अभ्यासात आढळले की भेटीचा आरंभ मांजराकडून झाला, तर ती भेट अधिक काळ टिकते. दुसरे सूत्र उपयोगाचे, म्हणजे जागरूकतेचे. तीन-चार वेळा हात फिरवून थांबावे आणि पाहावे. मांजराने हाताकडे पुन्हा डोके लावले, तर पुढे चालावे. ते तसेच बसून राहिले किंवा दूर झाले, तर तेथेच विराम घ्यावा. तिसरे सूत्र संयमाचे : आपल्याला आवडते तेथे नव्हे, तर त्याला मानवते तेथेच हात लावावा. अभय, उपयोग आणि संयम हे शब्द जैन घरात नवे नाहीत. त्यांना ओट्यापर्यंत आणावयाचे आहे, इतकेच.

वडीलधाऱ्यांची शंका

येथे एखादे वडीलधारे आजोबा विचारतील : "श्रावकाने मांजर पाळावे, असे सांगता की काय?" शंका रास्त आहे. पंधरा कर्मादानांत असतीपोषणाचा निषेध आहे. कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रसूरींनी योगशास्त्रात त्याचे विवेचन करताना अर्थलाभासाठी पोसल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये मांजराचाही उल्लेख केला आहे. म्हणून गोदामातील उंदीर मारले जावेत या हेतूने मांजर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या अंतःकरणाला प्रश्न विचारला पाहिजे. उंदरांपासून ताग्यांचे आणि पोत्यांचे रक्षण करण्यास अन्य मार्ग आहेत. भिंतींच्या फटी बुजवाव्यात, माल भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावा, खिडक्यांना बारीक जाळी लावावी, सांडलेले धान्य रोज झाडून घ्यावे.

दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मांजराचे शरीर मांसाहारासाठीच घडलेले आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते आहारातून मिळाले नाही, तर त्याची दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. हृदयविकाराचा हा संबंध अमेरिकेत १९८७ साली सिद्ध झाला. केवळ दूध-पोळीवर त्याचे पोषण होत नाही, आणि पुष्कळशा प्रौढ मांजरांना तर दूध पचतही नाही. म्हणून मांजराला घरात कोंडून शाकाहारी बनविणे ही दया नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बांधून ठेवणे आणि अन्नपाणी रोखणे हे दोन स्पष्टपणे आहेत. जे कुटुंब या गोष्टी निभावू शकत नाही, त्याने मांजर हौसेने आणू नये.

परंतु न आणणे वेगळे आणि आपण होऊन दाराशी आलेल्याला पीडा देणे वेगळे. मांजर आडवे गेले म्हणून दगड भिरकावणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? ते बिचारे आपल्या वाटेने चाललेले असते. आडवे माणूसच गेलेला असतो. मांजर हिंस्र आहे म्हणून त्याच्याशी हिंस्रपणे वागण्याची मुभा श्रावकाला मिळत नाही. तीर्थंकरांच्या समवसरणात जन्मजात वैर असलेले प्राणीही शेजारी-शेजारी बसतात, असे वर्णन आहे. तेथे मांजरालाही जागा आहे. मग ओट्यावर का नसावी? मांजराचा मालक होणे श्रावकाला जमेल वा न जमेल. चांगला शेजारी होणे निश्चित जमेल. भारताच्या राज्यघटनेतही १९७६ च्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत सजीवांविषयी दया बाळगण्याचे कर्तव्य आहे. शास्त्र आणि राज्यघटना या बाबतीत एकाच दिशेला बोट दाखवितात.

माता-भगिनींसाठी आणि पाठशाळेसाठी

घरातील लहान मुलांना पुढील गोष्टी शिकवाव्यात. झोपलेल्या, खात असलेल्या आणि पिल्लांजवळ असलेल्या मांजराला हात लावू नये. पळणाऱ्याच्या मागे धावू नये. शेपटी ओढू नये. एका मांजराभोवती चार मुलांनी घोळका करू नये. शेपटी आपटू लागली की हात आपल्या मांडीवर ठेवावा. आणि मांजर फिस्कारले, तर त्याला मारू नये. ते रागावून नव्हे, तर घाबरून बोलत आहे, असे समजून मागे सरावे. जे मांजर फिस्कारले म्हणून मार खाते, ते पुढे फिस्कारणे सोडून देते आणि एकदम चावते. सूचना देण्याची त्याची सवय माणसानेच मोडलेली असते.

इतके करूनही चावा बसला किंवा बोचकारले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. हळदीच्या या मुलखात ते सांगणे विशेष अगत्याचे आहे. त्यानंतर विनाविलंब सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मांजराचे दात बारीक असले तरी खोल जातात. वरून लहान दिसणारी जखम आत चिघळू शकते. जीवदया आणि स्वतःच्या मुलांची काळजी यांत विरोध नाही. जे मूल मांजराची भाषा वाचते, तेच मूल सर्वांत सुरक्षित असते.

पाठशाळेत जीवविचार शिकविला जातो. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची नावे मुले धडाधडा म्हणून दाखवितात. त्याला जोडून महिन्यातून एक दिवस निरीक्षणाचा ठेवता येईल. मुलांनी अंगणातील एखाद्या मांजराकडे दहा मिनिटे दुरून, हात न लावता पाहावे आणि शेपटी, कान, डोळे काय करीत होते ते वहीत लिहावे. त्याला ना निधी लागतो, ना सभागृह. परंतु अशा मुलाला पुढे आयुष्यात माणसांचेही न बोललेले दुःख वाचता येईल. घरातील आजी जेवणावरून लवकर उठली, दुकानातील नोकर आज गप्प आहे, सुनेने मान खाली घातली आहे, हेही संकेतच आहेत. ज्याला मुक्या जीवाची भाषा कळली, त्याला बोलक्या माणसाचे मौन कळल्याशिवाय कसे राहील?

धर्मबंधूंनो, संवत्सरीच्या दिवशी श्रावक चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. माणसे त्यावर "मिच्छा मि दुक्कडं" म्हणून उत्तर देतात. मांजर तसे उत्तर देऊ शकत नाही. त्याची क्षमा शब्दांत येत नाही, आणि त्याची तक्रारही शब्दांत येत नाही. ती येते शेपटीच्या टोकातून, कानाच्या वळणातून, पाठीवरच्या एका थरथरीतून. ती वेळीच वाचून हात मागे घेतला, तर क्षमा मागण्याचा प्रसंगच उरत नाही. झालेल्या पीडेची क्षमा मागणे हा धर्म आहे. पीडा होऊच न देणे हा त्याहून मोठा धर्म आहे.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी प्रत्येक घराने एक लहानसा नियम घ्यावा : कोणत्याही मुक्या जीवाला हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे, त्याच्याकडे पाहावे, आणि त्याची अनुमती असेल तरच हात पुढे करावा. उद्या ओट्यावर तेच मांजर पुन्हा पहुडलेले असेल. घरातील मूल त्याच्याजवळ बसेल, हात पुढे करील, आणि थांबेल. मांजर डोळे हळूच मिटून उघडेल. त्या क्षणी त्या घरात पांजरपोळीइतकेच पुण्यकार्य घडलेले असेल.

जय जिनेंद्र!